‘कुणाचे काही बिघडत नाही’ हे खरे नाही

बडोद्यात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. वसतिगृहाचे वायफाय स्मार्ट बल्ब आणि प्लग मुद्दाम अडवते, म्हणून खोलीतल्या लॅन पॉइंटला, म्हणजे इंटरनेटची केबल जोडायच्या भिंतीतल्या जागेला, छोटा राउटर जोडावा. त्याने कुणाचे काही बिघडत नाही, आणि बल्बातून चोरण्यासारखे असते तरी काय, असा त्याचा आशय आहे. राउटर जोडला की बल्ब बहुधा लागतो, एवढेच यात खरे आहे.

आधी अडवणुकीबद्दल. अशा वायफायवर प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. बहुतेक स्मार्ट प्लगांना घरच्यासारखा एकच सामाईक पासवर्ड समजतो. त्यांच्या अॅपमध्ये नाव टाकायला जागाच नसते. जिथे लॉगिनचे पान उघडते, तिथे ब्राउझर नसलेला प्लग ते पान भरणार कसे? उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची व्यवस्था मात्र खरोखरच मुद्दाम केलेली असते, आणि ती शेजारच्या खोलीतून कुणी आपल्या लॅपटॉपमध्ये डोकावू नये म्हणून असते.

‘कुणाचे काही बिघडत नाही’ या वाक्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण मी नेटवर्कचेच काम करतो. फत्तेगंजातल्या एका वसतिगृहात एका संध्याकाळी अख्ख्या मजल्याचे इंटरनेट गेले. फोनवर वायफायची खूण पूर्ण होती, पण एकही पान उघडत नव्हते. नेटवर्क प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता देते; एका मुलाच्या लॅपटॉपवर १९२.१६८.०.१०४ हा पत्ता दिसला आणि मला उलगडा झाला, कारण त्या इमारतीत सगळे पत्ते १० ने सुरू होतात. खोल्या तपासत गेलो तेव्हा एका पलंगामागे छोटा राउटर सापडला. भिंतीतून आलेली केबल बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या निळ्या ‘वॅन’ पोर्टाऐवजी आतली उपकरणे जोडायच्या पिवळ्या ‘लॅन’ पोर्टात खोचलेली होती, त्यामुळे तो राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना कुठेही न पोचवणारे पत्ते वाटत बसला होता. त्याच रात्री बाराला परीक्षा अर्जाची मुदत संपत होती. खोल्यांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या राउटरला पत्ते वाटू न देणारी सोय, सुरू असते तर हे टळले असते, हे मान्य. पण ते सर्वत्र सुरू नसते. केबल बरोबर पोर्टात गेली तरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि खोलीखोलीत राउटर आले की सगळ्यांचाच वेग पडतो.

राहिला चोरीचा प्रश्न. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन दुसऱ्यांवर हल्ले केले. म्हणजे उपकरणात चोरण्यासारखे काही नसले, तरी त्याचा हत्यारासारखा वापर होऊ शकतो. आणि तुमच्या राउटरमागून काहीही गेले तरी नोंदीत नाव तुमचेच येते.

ज्यांना स्मार्ट दिवा हवाच आहे, त्यांनी ब्लूटूथवर किंवा साध्या रिमोटवर चालणारा घ्यावा. वायफायचाच घेतला असेल, तर खोक्यावर किंवा अॅपमध्ये दिसणारा बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) लिहून नेटवर्क विभागाकडे उपकरणाची नोंदणी मागावी, आणि तशी सोय नसेल तर ती सुरू करण्यासाठी चारपाच जणांनी मिळून रेक्टरांना लेखी अर्ज द्यावा.