समुद्र हवाय? मग जाळं टाकू नका

समुद्रात हक्काची जागा हवी असेल तर पहिलं काम, होडी विका आणि कंपनी काढा. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने तेल आणि वायू शोधायला 25 ब्लॉक, म्हणजे आखून दिलेले तुकडे, बोलीसाठी मांडले. 1 लाख 92 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्यातले 19 पाण्यात. यातलं काही पसंत नसेल तर 2017 पासून आणखी छान सोय आहे, नकाशावर आपणच रेघ मारायची आणि "हा तुकडा द्या" म्हणायचं. आजोबांनी उगाच आयुष्यभर तारे बघून जागा शोधल्या.

घ्यायचंच तर खोल पाणी घ्या. पहिली सात वर्षं स्वामित्वधन, म्हणजे काढलेल्या तेला-वायूवर सरकारला द्यायचा वाटा, माफ. (आम्हा मासेमारांच्या डिझेल परताव्याचा विषय आत्ता नको.)

तारखेची धास्ती घेऊ नका. या 25 ब्लॉकसाठी बोली लावायची शेवटची तारीख 31 जुलै होती, ती 31 ऑक्टोबर झाली, मग आणखी पुढे गेली. मुंबईजवळची रत्ना-आर मालिकेची तेलक्षेत्रं तर 1996 मध्ये कंपन्यांना देऊन झाली, करारावर सही होईना, आणि 2016 मध्ये परत घेतली. वीस वर्षं कुणाला घाई नव्हती.

आणि एवढं सांगूनही तुम्ही मासेमारच राहिलात, तर जाळं तुटायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

हसू नका, मला हेच विचारलं. यंदा ऐन पापलेटच्या हंगामात तेल शोधणारं सर्वेक्षणाचं जहाज आलं. मागे काही किलोमीटर लांब केबल ओढत, हवेच्या तोफांनी धाडधाड करत. ते थांबत नाही, वळत नाही, वळायचं ते आपण. वायरलेसवर इंग्रजीतून सूचना दिली होती म्हणे. नोटीस आमच्या मच्छिमार सोसायटीत पोचली तेव्हा आम्ही चार दिवसांपासून समुद्रात. परत जाऊन बघतो तर वागऱ्याच्या, म्हणजे आमच्या लांब जाळ्याच्या, अर्ध्या पाटी (जोडलेले तुकडे) नाहीत. गेलो ऑफिसात. साहेब म्हणाले, बारा सागरी मैलांच्या पलीकडचं आमच्याकडे येत नाही. पलीकडचं ज्यांच्याकडे येतं ते म्हणाले, मच्छिमारांचं आमच्याकडे येत नाही. तिसऱ्याने पंचनामा मागितला. चाळीस वाव खोल पाण्यात पंचनामा कोण करणार, तलाठी? मग जाळं खरेदीची पावती मागितली. जाळं बायको आणि मी दोन पावसाळे बसून विणलं, पावती कोण देणार? शेवटी सगळं जमवून गेलो तर कारकून म्हणतो, सात दिवसांत अर्ज करायचा होता, तुम्हाला दोन दिवस उशीर झाला.

दोन दिवस!

ज्यांना वीस वर्षं सही जमली नाही त्यांना कुणी टोकलं नाही, आणि समुद्रात अडकलेल्या माणसाला तुम्ही दोन दिवसांचा उशीर मोजून दाखवता? तेलाला माझा विरोध नाही. माझी होडी पाण्यावर चालत नाही, आणि 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं तेव्हा माझ्या बापाने बंदरावर पेढे वाटले होते. पण नकाशावर निळं दिसतं म्हणून ते रिकामं आहे असं कुठल्या शहाण्याने शिकवलं तुम्हाला? बोलीदारांना बोलावून परिषदा घेता, जेवणावळी घालता. आमच्या बंदरात एक माणूस पाठवून, कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात जाळी असतात, एवढं विचारायला काय पेट्रोल जळणार होतं? पावसाळ्यात बंदीचे दोन महिने आम्ही घरी बसतो. उरलेल्या दिवसांतलेही तुम्हीच घ्यायचे, वर दमडी द्यायची नाही, आणि पावती मात्र आम्ही आणायची?

अर्ज मी परत टाकलाय. जाळ्याच्या उरलेल्या तुकड्यांचा फोटोही जोडलाय, या वेळी रंगीत.