नाताळ, रॉमकॉम आणि एकटीने ओढत नेलेलं झाड

रोमँटिक कॉमेडीतला नाताळ म्हटलं की बहुतेकांना बर्फ, दिव्यांच्या माळा आणि लाल स्वेटर आठवतात. मलाही ते आवडतं. पण हे सिनेमे मी पुन्हा पुन्हा बघते ते एका वेगळ्याच कारणासाठी. सणाच्या दिवशी माणसाचं एकटेपण जसं उघडं पडतं तसं एरवी पडत नाही, आणि चांगल्या दिग्दर्शकांना हे बरोबर कळलेलं असतं.

‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) घ्या. एका नाताळात हॅरी आणि सॅली दोघं मिळून ख्रिसमस ट्री घरी नेतात. पुढच्या नाताळात त्यांचं बिनसलेलं असतं आणि सॅली तसंच झाड एकटीच ओढत नेते. मधल्या काळात तिनं काय गमावलं ते तेवढ्यात कळतं. नोरा एफ्रॉनच्या त्या पटकथेत एकाहून एक खुमासदार संवाद आहेत, तरी माझ्या मनात घर करून राहिलंय ते हे झाड. हाच प्रसंग जूनमधल्या एखाद्या दुपारी घडवून बघा, जमणारच नाही. सण ठरल्या तारखेला परत येतो, म्हणून तर गेल्या वर्षी शेजारी कोण होतं ते आठवतं.

‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’ (१९९५) मध्येही असंच एक झाड आहे. शिकागोच्या लोकल स्टेशनवर टोकन घेणारी ल्यूसी, म्हणजे सँड्रा बुलक, ते दोरीनं वर खेचायला जाते आणि झाड घरमालकाच्या खिडकीची काच फोडून आत घुसतं. आपण खळखळून हसतो. थोड्या वेळानं लक्षात येतं की दोरीला हात लावायला तिच्याकडे दुसरं कुणीच नव्हतं. नाताळच्या दिवशी ड्यूटीही तिच्याच वाट्याला, कारण घरी वाट बघणारं कुणी नाही. त्याच दिवशी ती रुळांवर पडलेल्या एकाला वाचवते, तो कोमात जातो आणि त्याच्या घरचे तिला त्याची होणारी बायको समजून बसतात. खरं सांगायला तिची जीभ का रेटत नाही? त्या घरच्या नाताळात तिच्यासाठीही भेटवस्तू ठेवलेली असते. एवढं पाहिल्यावर तिला दोष द्यावासा वाटतच नाही. ती आधी त्या कुटुंबाच्या प्रेमात पडते, मुलाच्या नंतर.

याच कारणानं, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत नाताळच नाताळ असलेले सिनेमे मला भिडत नाहीत. सगळीकडे रोषणाई असली की अंधार दिसतच नाही. सण वर्षाच्या ओघात यायला हवा, नोकरी, भांडणं, भाडं या सगळ्याच्या मधोमध.

‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ (२००३) मधल्या बऱ्याचशा गोष्टी मला फारशा पटत नाहीत, पण एमा थॉम्पसनच्या त्या प्रसंगासाठी मी तो कितीही वेळा बघेन. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला हार दिसलेला असतो. तिच्या हातात मात्र भेट म्हणून गायिका जोनी मिचेलची सीडी पडते. ती बेडरूममध्ये जाते, रडते, पलंगावरची चादर नीट करते आणि मुलांना शाळेच्या नाताळच्या नाटकाला न्यायला बाहेर येते. त्या चादरीवरून फिरणारा हात बघा. काय अभिनेत्री आहे ही बाई!

आणि या सगळ्यांच्या आधीचा, अर्न्स्ट लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०). पुढे ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८) यावरूनच निघाला. बुडापेस्टमधलं एक दुकान, सतत खटके उडणारे दोन नोकर, आणि आपण ज्याला मनातलं लिहितो तो पत्रमित्र समोरच उभा आहे याचा दोघांनाही पत्ता नाही. प्रेमकथा गोड आहेच. पण मला जास्त ओढ आहे ती म्हाताऱ्या मालकाची, मातुशेकची. बायकोनं फसवलंय, जीव द्यायचा प्रयत्न करून तो वाचलाय. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो बाहेर उभा राहून निघणाऱ्या एकेकाला आज काय बेत आहे म्हणून विचारतो. प्रत्येकाला कुठेतरी जायचंय. शेवटी नुकताच कामाला लागलेला पोरगा रूडी निघतो. त्याचंही शहरात कुणी नाही. मालक त्याला जेवायला घेऊन जातो, काय काय मागवायचं ते रंगवून सांगत. नायक-नायिकेचं अजून जुळलेलंही नसतं, आणि माझे डोळे भरून आलेले असतात.

कृष्णधवल आहे म्हणून टाळू नका. या डिसेंबरमध्ये एकच बघणार असाल तर हा बघा.