काळी चोच म्हणजे व्हाइट-आइड गल नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: अरबी समुद्र लाल समुद्राला जोडलेलाच आहे, वादळं येतात, पक्ष्याला पंख आहेत, मग रेवदंड्याला डिसेंबरात टिपलेला काळ्या चोचीचा गडद कुरव व्हाइट-आइड गल का नसावा?

समुद्र जोडलेला आहे, पण व्हाइट-आइड गल हा भर समुद्रातला कुरव नाही. लाल समुद्र आणि एडनचं आखात एवढाच त्याचा मुलूख. इजिप्तमध्ये हुरघाडाजवळच्या बेटांवर त्याची मोठी वीण होते आणि नंतर बरेच पक्षी दक्षिणेकडे सरकतात, तेही किनाऱ्यालगत. एडन ते मुंबई सुमारे 3,000 किलोमीटर उघडं पाणी आहे. किनारा धरून यायचं म्हटलं तर ओमान, मकरान (इराण-पाकिस्तानचा किनारा), सिंध, गुजरात असा वळसा पडतो. त्या वाटेवर ओमानपासून कराचीपर्यंत जो गडद कुरव भेटतो तो सूटी गल ही वेगळी जात, व्हाइट-आइड नव्हे.

वादळाचं म्हणाल, तर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्याला लागणारे बूबी, फ्रिगेटबर्ड मुळात खुल्या समुद्रात फिरणारे. त्याच महिन्यांत हा कुरव बेटांवर अंडी-पिल्लांत अडकलेला असतो. आणि तुमचा फोटो तर डिसेंबरचा!

तरीही नोंद अंतरावरून बाद करू नये, पक्ष्यावरूनच ठरवावी. तुमचा सगळा भर काळ्या चोचीवर आहे आणि घोळ तिथेच झालाय. पहिल्या हिवाळ्यातल्या ह्यूग्लिन्स गलचीही चोच काळीच असते, आणि तो आपल्याकडे दरवर्षी येतो. रंग सोडा, आकार बघा. व्हाइट-आइडची चोच लांब, सडपातळ, टोकाकडे किंचित खाली झुकलेली. तुमच्या पक्ष्याची जाड आहे, खालच्या कडेला टोकाआधी स्पष्ट कोन आहे. पाय गुलाबीसर, छातीवर रेघोट्या. व्हाइट-आइडच्या पिल्लाची छाती सलग राखाडी-तपकिरी असते, पाय कधीच गुलाबी नसतात. हा ह्यूग्लिन्सच.

डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कडेबद्दल: व्हाइट-आइडला डोळ्याच्या वर आणि खाली अशा दोन ठसठशीत पांढऱ्या कोरी असतात, बुबुळ मात्र गडदच. सूटीला वरची कोर ठळक, खालची पुसट किंवा नाहीच. तुमच्या फोटोत जे चमकतंय ते समोरच्या उन्हाचं प्रतिबिंब वाटतं, कारण ते डोळ्याच्या आत आहे, कडेला नाही.

प्रौढ पक्षी मिळाला तर काम सोपं. व्हाइट-आइडची चोच गडद लाल, टोक काळं, पाय पिवळे, विणीच्या काळात डोकं काळंभोर. सूटीचं डोकं तपकिरी, चोच जाड, पिवळट-हिरवी. तिच्यावर काळा पट्टा आणि टोकाला लाल. पण सूर्याकडे तोंड करून फोटो काढला की दोघांचीही चोच काळीच दिसते. ऊन पाठीशी घ्या, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा, चोचीचा बाजूने फोटो घ्या आणि शेजारचा ओळखीचा कुरव त्याच चौकटीत बसवा. उडतानाची एखादी चौकट असेल तर पाठवा: व्हाइट-आइडच्या पंखाची खालची बाजू गडद असते आणि शेपटीवर ह्यूग्लिन्सच्या पिल्लासारखे आडवे पट्टे नसतात. मूळ फाइलच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत या रेघा पुसल्या जातात.