एव्हरेस्टिंग आणि सावकाश चढण्याची शिस्त

सिंहगडाच्या घाटात एव्हरेस्टिंग (एकच चढ सायकलने पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टइतकी चढाई भरणे) पूर्ण केल्यापासून भेटणारा जवळजवळ प्रत्येक सायकलस्वार पहिल्यांदा विचारतो तो वेळ. प्रश्न आपुलकीचा असतो यात शंका नाही. पण या आव्हानाविषयी आपल्याकडे जो गैरसमज आहे त्याचे मूळही त्याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत असे की एव्हरेस्टिंग हा वेगाचा खेळ नाही. पहिल्या चढाला स्वतःला आवरणे आणि शेवटच्या चढापर्यंत तोच वेग धरून ठेवणे हा त्याचा गाभा आहे, आणि म्हणूनच नोकरी-संसार सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाच्याही तो आवाक्यातला आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगतो. कोणताही एकच चढ निवडायचा आणि एकूण चढाई ८,८४८ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीइतकी, भरेपर्यंत तोच चढत-उतरत राहायचे. अर्ध्या वाटेतून वळलेली फेरी धरली जात नाही. उतरायचेही सायकलवरूनच. खायला-प्यायला थांबता येते, झोपता मात्र येत नाही, आणि वेळेची मर्यादा नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ साली ऑस्ट्रेलियातील माउंट डोना बुआंग या डोंगरावर सायकलने अशाच फेऱ्या मारून ही उंची गाठली होती. पुढच्याच वर्षी तो प्रत्यक्ष एव्हरेस्टवरही पोहोचला. तेव्हा सायकलवरच्या त्या फेऱ्या त्याच्यासाठी शर्यत नव्हत्या, तयारी होत्या.

आता आपल्या घाटाचा हिशोब मांडतो. पायथ्याच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर रस्ता आणि सहाशे मीटरच्या आसपास चढाई, म्हणजे पंधराच्या आगेमागे फेऱ्या. ताशी नऊ किलोमीटरने चढले तर एका चढाला एक तास लागतो. पुढच्या चक्रीला चौतीस दात आणि मागच्या चक्रीलाही चौतीस दात अशी गिअरची जोडणी असेल, तर या वेगाला पायडल मिनिटाला सत्तरेक वेळा फिरतात, आणि गुडघ्यांना हेच मानवते. ताशी नऊ किलोमीटर ऐकायला फारच कमी वाटते, पण पंधरा तासांनंतरही तोच वेग टिकवणारा स्वार माझ्या लेखी उत्तम स्वार आहे.

आपल्या पुण्यात अडचण नेमकी इथे येते. सायकलस्वाराची पारख ‘सिंहगड किती मिनिटांत?’ या एका प्रश्नावर करण्याची इथे जुनी सवय आहे. रविवारी पहाटे खडकवासल्याच्या चौपाटीवरून पुढे गेलेली टोळकी डोणज्यापासूनच एकमेकांना जोखायला लागतात, आणि हलका गिअर टाकणाऱ्याकडे थोडे दयेनेच पाहिले जाते. एका चढासाठी ही चुरस चांगलीच आहे, मलाही ती आवडते. एव्हरेस्टिंगमध्ये मात्र पहाटेच्या ताज्या पायांनी कोणाच्या तरी मागे लागून वाढवलेल्या वेगाची किंमत संध्याकाळी मोजावी लागते, आणि तेव्हा घाट अर्ध्याहून अधिक शिल्लक असू शकतो. शेजारून कोणी पुढे निघून गेला तरी आपल्या श्वासावरून लक्ष ढळू न देणे हे पायांच्या ताकदीइतकेच सरावाने येते, असे मी ठामपणे म्हणेन.

खाण्याचे गणितही हेच सांगते. सायकलसह ऐंशी किलोचे वजन ८,८४८ मीटर उचलायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १,६५० किलोकॅलरी इतके काम होते. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाचेच काम करू शकते, म्हणजे खर्च सात-आठ हजार किलोकॅलरींच्या घरात जातो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते. चरबी काही भार उचलते, पण ती सावकाश जळते, आणि आपण सावकाश चढलो तरच कामाला येते. त्यामुळे भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला खावे लागते. सुरुवातीला राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर आनंदाने जातात. दुपारनंतर मात्र तोंड इतके कोरडे पडते की लाडवाचा भुगा जिभेवर तसाच राहतो, घशाखाली उतरत नाही. अशा वेळी डब्यातला मऊ दहीभात आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांनी जो आधार दिला, तो महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटांनी दिला नाही.

सर्वांत अधिक काळजी मात्र उताराची घ्यायला हवी. चढताना भिजलेली जर्सी उतरताना पहिल्याच वळणावर अंगाला गार चिकटते, म्हणून दर खेपेला वर पोहोचल्यावर विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढायची. काही तासांनी ब्रेक दाबून तळहाताचा अंगठ्याजवळचा भाग ठणकायला लागतो, बोटे वेळेवर मिटत नाहीत, आणि डोळ्यांवर झोप असते ती नेमकी तेव्हाच. दरडीकडच्या बाजूला रस्त्यावर आलेली बारीक खडी दिव्याच्या उजेडात उशिरा दिसते. चढावर माणूस थकला तर तो थांबतो. उतारावर तसे होत नाही. म्हणून एकट्याने हे करू नये, पायथ्याशी एक जाणता माणूस सतत असावा आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्याला आधीच दिलेला असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नावावरून एक गोष्ट स्पष्ट करतो. २०१२ साली गिरिप्रेमी या पुण्यातल्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेने एव्हरेस्ट गाठले त्याचा अभिमान पुणेकर म्हणून मला आहे, आणि त्या थंडीशी, विरळ हवेशी, तिथल्या धोक्यांशी सिंहगडाच्या घाटातल्या फेऱ्यांची तुलना कोणी करू नये. आपण त्या शिखराकडून फक्त उंचीचा आकडा घेतो.

येत्या थंडीत कोणाच्या मनात असेल तर आधी ४,४२४ मीटरची अर्धी चढाई करून पाहावी. शनिवार-रविवार घाटात गाड्यांची रांग असते, म्हणून मधला वार निवडावा, आणि अंधारात घाटात राहायचे असेल तर वन विभागाशी आधी बोलून रीतसर परवानगी घ्यावी. गिअरची जोडणी किंवा खाण्याचे वेळापत्रक याविषयी काही विचारायचे असेल तर खाली लिहा, प्रत्येकाला उत्तर देईन. पायथ्याशी थांबायला माणूस मिळत नसेल तर तेही सांगा, मी येईन.