रिक्त पद: समजूतदार मुलगा

आमच्या घरात तीन मुलं आणि तीन पदं. ताई हुशार, धाकटा हट्टी आणि मी समजूतदार. ही पदं कधी भरली, मुलाखती कुणी घेतल्या, याची कुठेही नोंद नाही. मला कळायला लागलं तेव्हा मी कामावर रुजू झालेलो होतो.

समजूतदार या पदाला पगार नाही, बढती नाही आणि रजा तर नाहीच नाही. हुशार मुलीला बक्षीस मिळतं, हट्टी मुलाला हवं ते मिळतं. समजूतदाराला मिळतो फक्त शेरा, "बघ, तो कसा समजूतदार आहे!" आणि तोसुद्धा दुसऱ्याला सुनावण्यासाठी असतो, माझं नाव त्यात नुसतं वापरलेलं असतं. गाडीत माणसं जास्त झाली की मधली जागा माझी. पाहुणे आले की माझी खोली त्यांची. एकच खेळणं असलं की ते धाकट्याचं, कारण "तो ऐकायचा नाही, तू तर शहाणा आहेस ना?" या 'ना'पुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. नाही म्हणावं तर शहाणपण जातं, हो म्हणावं तर खेळणं.

एकदा मी बंड केलं होतं. कशावरून ते सांगण्याइतकं मोठं नाही, पण आवाज चढवला आणि खोलीत जाऊन दार आपटलं. धाकट्यानं आपटलं असतं तर कुणी मानही वर केली नसती. मी आपटल्यावर मात्र घर चिडीचूप झालं. बाहेर थोडी कुजबुज झाली, मग आई आत आली आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "अंगात कणकण आहे का रे?" तिच्या मागे बाबा थर्मामीटर घेऊन उभे. ताप निघाला नाही तेव्हा दोघं जास्तच काळजीत पडले. मला संध्याकाळपर्यंत पांघरुणात गुंडाळून ठेवलं आणि धाकट्याला दटावलं, की आवाज करू नकोस, दादाला बरं नाही. माझ्या एकुलत्या एक क्रांतीवर असे औषधोपचार झाले.

पुढे मोठा झाल्यावर आपलं असं का झालं, याचा शोध घ्यायला मी पुस्तकांत शिरलो. (हट्टी माणूस वकील गाठतो, समजूतदार माणूस पुस्तक.) तिथे भेटल्या फ्रान्सिस शॅक्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये असं मांडलं, की सख्खी भावंडं कळत-नकळत एकमेकांपेक्षा वेगळी होत जातात. एकानं जो प्रांत धरला त्यात दुसरा सहसा घुसत नाही, त्यामुळे तुलना टळते आणि हाणामारीही. म्हणजे ताईनं पुस्तकं आधीच काबीज केली होती. धाकट्यानं जन्मल्या जन्मल्या आरडाओरड्यावर हक्क सांगितला. उरलं काय, तर गप्प बसणं. ते मी घेतलं. आणि घरच्यांनी त्याचं इतकं कौतुक केलं की सोडायची सोय राहिली नाही.

मावशीला हे पटत नाही. तिचं म्हणणं, मधली मुलं जन्मतःच पडतं घेणारी असतात. म्हणून मी तिला २०१५ सालचं एक संशोधन सांगितलं. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी मिळून वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात तपासली होती. थोरला, मधला की धाकटा, यावरून माणसाच्या स्वभावाच्या मुख्य गुणांमध्ये म्हणावा असा फरक सापडला नाही. थोरल्यांची बुद्धी किंचित जास्त भरली, तेवढंच. हा भाग मी ताईच्या कानावर जाऊ दिलेला नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि प्रेमानं म्हणाली, "किती न चिडता समजावून सांगतोस रे! मधली मुलं अशीच असतात."

माझ्या शिक्षणाचा निर्णयही मी असाच, न चिडता घेतला. म्हणजे घेतला गेला तेव्हा मी हजर होतो. आई, बाबा, काका, आत्या, ताई, सगळे गोल करून बसले होते. एकेकानं एकच शाखा सुचवली, एकच कारण सांगितलं, आणि मग सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. "तुझ्यावर काही जबरदस्ती नाही हं. तुला काय वाटतं?"

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात हीच बैठक प्रयोगशाळेत भरवली होती. कार्डांवर साध्या रेघा, कुठली रेघ नमुन्याइतकी लांब आहे तेवढंच सांगायचं. एकट्यानं सांगताना जवळपास कुणी चुकत नसे. पण खोलीतली बाकीची माणसं प्रयोगकर्त्यांना सामील होती आणि ती ठरवून एकसुरात चुकीची रेघ दाखवायची. ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याचा नंबर शेवटी-शेवटी यायचा. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या घोळक्याच्या मागे गेली, आणि दर चार माणसांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना स्वच्छ दिसणारी रेघ नाकारली. तीही अनोळखी लोकांसमोर! ॲश यांच्या खोलीत आत्या नव्हती. कुणी डोळ्याला पदर लावला नव्हता. प्रश्नही रेघेचाच होता, सबंध आयुष्याचा नव्हता. मी "मलाही तेच वाटतं" म्हणालो आणि सगळ्यांनी मला समजूतदार म्हटलं.

त्यानंतर माझ्या कामाची हद्द वाढली. घराबाहेरच्या नातेवाइकांतही कुणी वाकडं पाऊल टाकलं की मला पाठवायला लागले. माझी एक ठरलेली पद्धत आहे. आधी खुर्चीच्या कडेवर बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "तुझं बरोबरच आहे." मग थोडं थांबायचं. मग, "पण..." या 'पण'नंतर समोरच्याचं काय होतं ते मला माहीत आहे, कारण ते माझंही होतं.

आतेबहिणीनं हिशेबाचं शिक्षण अर्धवट सोडून सुतारकाम शिकायचं ठरवलं तेव्हा आत्यानं रडत फोन केला. मी निघालो. खुर्चीच्या कडेवर बसलो. "तुझं बरोबरच आहे. पण..."

"दादा," ती म्हणाली, "डार्विनला आधी डॉक्टर व्हायला पाठवलं होतं, माहितीये?"

माहीत होतं. १८२५ मध्ये एडिंबरोला. शस्त्रक्रिया पाहवेनात म्हणून त्यानं ते सोडलं, मग वडिलांनी त्याला धर्मोपदेशक करायला केंब्रिजला धाडलं.

"पण तू डार्विन नाहीस," मी म्हणालो. हे माझ्या पोतडीतलं हुकमी वाक्य आहे. डार्विनच्या जागी कुणालाही बसवता येतं.

"तेव्हा तोही नव्हता. आणि बीगल जहाजावर जायचं ठरलं तेव्हा वडिलांनी नाही म्हटलं. मग काय झालं?"

"काय झालं?"

"त्याचा मामा जाऊन वडिलांना समजावून आला. समजवायला माणूस पाठवायचाच तर असा पाठवावा. तुझं उलट्या दिशेनं का चाललंय?"

मी 'पण' म्हणायला तोंड उघडलं, पण पुढे काही सुचेना. तेवढ्यात तिनं सहज, कुठलाही डाव नसल्यासारखं विचारलं, "तुला काय व्हायचं होतं रे?"

मला वाटलं, असेल काहीतरी. प्रत्येकाला काहीतरी व्हायचं असतंच: कुणाला वैमानिक, कुणाला जादूगार. मी शोधलं. आईला मी काय व्हावंसं वाटत होतं ते सापडलं. बाबांचं सापडलं, काकांचं तर दोन पर्यायांसह सापडलं. माझं म्हणून काहीच हाती लागलं नाही. दडपून टाकलेलं स्वप्न वगैरे असतं तरी बरं वाटलं असतं, निदान त्यावर उसासा टाकता आला असता. इथे दडपायलाच काही नव्हतं.

जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये तरुणांच्या चार अवस्था सांगितल्या. कुणी शोधाशोध करून स्वतःचं ठरवतो, कुणी अजून शोधतोय, कुणी शोधतही नाही आणि ठरवतही नाही. चौथा प्रकार असा, की शोध मुळीच घेतलेला नाही, पण निर्णय मात्र पक्का. बहुधा आईबापांनी दिलेलाच, जसाच्या तसा. या प्रकाराला त्यांनी फोरक्लोजर असं नाव दिलं. ही माणसं बाहेरून भारी स्थिर दिसतात, आत्मविश्वासानं बोलतात, कुणाच्या डोक्याला ताप देत नाहीत. म्हणजे माझ्या पदाची जाहिरातच.

घरी येऊन मी आत्याला कळवलं, की समजावलं, पण समजलं मला. तिला ते कळलं नाही, आणि बरंच झालं. आतेबहीण आता रंधा मारते.

काही काळानं मीही नोकरीतून काही महिन्यांची बिनपगारी रजा घ्यायची असं ठरवलं. काय करणार, ते ठरलेलं नव्हतं, आणि तोच त्यातला मुख्य मुद्दा होता. ॲश यांच्या प्रयोगातला एक भाग मला तेव्हा फार धीर देऊन गेला. घोळक्यातल्या एकानं जरी खरी रेघ दाखवली, तरी बाकीच्यांमागे मान डोलावणं एकदम कमी व्हायचं. आतेबहिणीनं आमच्या खानदानात तेवढं काम करून ठेवलं होतं.

बाबांना मी एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याचे सावत्र वडील डॉक्टर होते आणि त्यानंही डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. हा मात्र चित्रं काढत युरोपभर भटकला. पुढे त्यानंच तरुणपणातल्या या चाचपडण्याला मान मिळवून दिला. 'मी कोण' हे ठरवण्याआधी माणसाला थोडी मोकळीक लागते, असं सिद्धान्त म्हणून लिहिलं. विद्यापीठाची पदवी नसताना हार्वर्डला प्राध्यापक झाला. बाबांनी शेवटचं वाक्य तेवढं धरलं. "म्हणजे रजा संपल्यावर तू हार्वर्डला जाणार?"

आईचा आक्षेप ठरलेला: लोक काय म्हणतील? यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं. २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचा चेहरा छापलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालायला लावून माणसांनी भरलेल्या खोलीत धाडलं. त्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांनी तो चेहरा ओळखला असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्शातल्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं. "म्हणजे लोक काही म्हणतच नाहीत गं, त्यांनी पाहिलेलंच नसतं," मी म्हणालो.

"पण ज्यांनी पाहिलं, ते काय म्हणाले?" आईनं विचारलं.

हा प्रश्न गिलोविच यांनाही सुचला नसावा.

मी मागे हटलो नाही. घरात मोठी खळबळ माजली, कारण नेहमी अशा वेळी ज्याला पाठवायचं तोच बिघडला होता. माझ्याकडे मला पाठवता येत नव्हतं. दोन-तीन दिवस फोनांची ये-जा झाली आणि मग एका सकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर धाकटा. विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले.

"दादा, तुझं बरोबरच आहे," तो म्हणाला. थोडा थांबला. "पण..."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती, तरी ऐकलं. आईची झोप, बाबांचा रक्तदाब, एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही वगैरे. चांगलं बोलला. थोडा घाईत होता, पण सरावानं जमेल.

"तुला कुणी पाठवलं?"

"सगळ्यांनी. म्हणाले, तूच जा, तू हल्ली समजूतदार झालायस." तो जरा लाजला. "घरी काय सांगू?"

"सांग, ऐकत नाही. हट्टी झालाय."

धाकटा खुर्चीतून सटकन उठला. चेहऱ्यावरचा शहाणपणा क्षणात उतरला. "तसं मुळीच सांगणार नाही! हट्टी मी आहे."

"अरे, पण तू तर आता समजूतदार झालास ना?"

"छे," तो म्हणाला, "तो अतिरिक्त कार्यभार आहे."