घर विकायचंय? मग नाताळच्या सुट्टीतच विका

बेळगावात वडिलांचं शहापुरातलं नाहीतर वडगावातलं जुनं घर विकायचं तुमच्या मनात आलंय, चांगलं आहे, खरं एवढी घाई कशाला? पाडव्याला गिऱ्हाईक असतंय, अक्षय्य तृतीयेला असतंय, दसऱ्याला तर एजंट स्वतः फोन करून विचारतो, पण तेव्हा तुम्हाला सुट्टी कुठं असते. पुण्याच्या दादाचं मार्च एंडिंग, बेंगळूरच्या ताईच्या पोरांच्या परीक्षा, अमेरिकेतल्या धाकट्याला तर रात्र आणि दिवस यातलंच कळत नाही. तेव्हा थांबा. नाताळ ते न्यू इयर असा भरगच्च आठवडा काढा, सगळी भावंडं जमा, आणि त्या एका आठवड्यात माळा रिकामा करणं, रेट ठरवणं, गिऱ्हाईक शोधणं, उतारे काढणं, इसारा म्हणजे बयाणा घेणं आणि मधे दोन दिवस गोवा, असं सगळं बसवा. बसतंय. नाहीच बसलं तर उतारे राहू देत, गोवा चुकवू नका.

एक पथ्य पाळा, पंचांग उघडायचं नाही. 16 डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो तो थेट संक्रांतीपर्यंत, आणि आपल्या भागात त्या महिन्यात लोक थंडीत पहाटे उठून आंघोळी करतील, देवळात जातील, गरमागरम हुग्गी खातील, पण घराचा इसारा काय देणार नाहीत. घर बघायला मात्र येतील हां, कारण बघायला मुहूर्त लागत नाही आणि सुट्टीत त्यांनाही दुसरं काम नसतं. सहकुटुंब येतात, सासू येते, मेव्हणा येतो, मेव्हण्याचा वास्तुवाला मित्र येतो आणि मोबाईलमधलं होकायंत्र काढून अंगणात गोल गोल फिरतो. सगळं बघून, चहा पिऊन, वर शेव-चिवडा खाऊन उंबऱ्यात चपला घालताना म्हणतात, घर झकास आहे, संक्रांत होऊ दे की, मग बसूया. संक्रांतीला तुम्ही कुठं असणार हे त्यांना माहीत असतं. तुम्ही पण हसून "हो हो, सावकाश" म्हणा.

डिसेंबरचा आणखी एक फायदा म्हणजे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. 2012 ला सुवर्ण विधानसौध उभं राहिलं तेव्हापासून हिवाळा आला की आख्खं सरकार बेळगावात उतरतं. त्या दिवसांत लॉज फुल, नाक्यानाक्यावर बॅरिकेड, हायवेला हलग्याजवळ कुठल्या ना कुठल्या संघटनेचं आंदोलन, इकडं महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा आणि त्याला परवानगी मिळणार का नाही यावर गल्लीत चर्चा. अशा वेळी धारवाडकडनं येणाऱ्या गिऱ्हाइकाला बरोबर अकराची वेळ द्या. तो दीड वाजता पोचेल, चिडलेला, भुकेला, आणि पहिलाच प्रश्न विचारेल, इथं रोज असंच ट्रॅफिक असतंय काय हो? हसून सांगा, नाही नाही, इतर वेळी फक्त रेल्वे गेट पडल्यावर असतंय.

अधिवेशन नाताळाच्या आधीच उरकलं तर हिरमुसू नका, पाठोपाठ गोव्याच्या गाड्या आहेतच.

आता घर सजवणं. यूट्यूबवर एक मॅडम सांगतात की सणाच्या दिवसांत घर विकायचं तर आत शिरताच केक भाजल्याचा, दालचिनीचा वास आला पाहिजे, गिऱ्हाइकाला आपलं बालपण आठवतं आणि तो भाव करत नाही. करून बघा. फक्त बुधवारी करू नका, कारण बुधवारी शेजारी बांगडा तळतात आणि गल्लीतल्या घरांच्या भिंती एकीला एक चिकटून, दालचिनीचं काय चालत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरात आईला डिंकाचे लाडू वळायला बसवा. वास पण येतो आणि गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातावर एक ठेवता पण येतो.

हां, आईचा विषय निघालाच आहे तर. घर विकताना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्या घरात राहणारं माणूस. तुम्ही चार दिवस खपून पडवीला रंग मारलाय, न्हाणीच्या भिंतीवरचा ओलीचा नकाशा पांढऱ्या डिस्टेंपरखाली गाडलाय. डिसेंबरात बेळगावचं ऊन असं कोवळं पडतं की पावसाळ्यात चार महिने इथं कपडे वाळत नाहीत हे कुणाला पटणार नाही. गिऱ्हाईक खुश, त्याची बायको खुश, कौलांतल्या काचेतून माजघरात पडलेल्या उन्हाच्या तुकड्याचा फोटो काढालीय. तेवढ्यात आई लाडू वळता वळता प्रेमानं सांगते, "ऊन काय आताच दिसतंय बाई, आषाढात हितं दोन पातेली आणि एक घमेलं ठेवावं लागतंय, त्या कोपऱ्यात तर बादलीच." झालं. म्हणून घर दाखवायच्या वेळी आईला देवळात पाठवा, मावशीकडं पाठवा, नाहीतर तुमच्याबरोबर गोव्याला न्या, तेवढीच तिची पण ट्रिप. घर विकल्यावर ती कुठं राहणार हा प्रश्न ती विचारत नाही, तुम्ही पण काढू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आईचं नंतर बघू" एवढं लिहून वर अंगठा टाकला की पुरतंय.

31 डिसेंबरला गिऱ्हाईक बोलवणार असाल तर तुमच्या हिमतीला दाद द्यायला पाहिजे. गल्लीतल्या पोरांनी रात्री जाळायला ओल्डमॅन आणलेला असतो, पेंढा भरलेला, जुनी पँट-शर्ट घातलेला, तोंडात सिगरेट, आणि तो टेकवायला त्यांना तुमच्याच घराचा कट्टा मिळतो. बेळगावच्या माणसाला त्यात काय वाटत नाही, पण गिऱ्हाईक परगावचं असलं आणि अंधार पडताना आलं, तर ते बिचारं त्यालाच घरमालक समजून नमस्कार करतं.

कागदपत्रं तर अजिबात आधी काढू नका, सुट्टीत एकत्र बसून काढण्यात वेगळीच मजा असते. ट्रंकेतनं आजोबांचं खरेदीखत निघेल. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाचं असलं तर बहुतेक मोडीत असेल, ते कुणालाच वाचता येणार नाही. नंतरचे कागद मराठीत, ते दादा मोठ्यांदा वाचेल. त्यानंतरचा उतारा कन्नडात, तो शेजारच्या कॉलेजातल्या पोराला बोलवून वाचून घ्यायचा. तो सांगतो की उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, वडिलांचं चढलंच नाही, आणि आजोबांचं नाव पण आधार कार्डातल्या तुमच्या आडनावाशी जुळत नाही. वारसा लावायला वेळ लागतो, ई-खातं म्हणजे ऑनलाईन उतारा झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही, बोजा नसल्याचा दाखला, म्हणजे ईसी, काढावा लागतो, आणि तुमच्याकडं उरलेत चार दिवस, त्यात एक रविवार, एक चौथ्या शनिवारची सुट्टी आणि नाताळ. कुणीतरी सर्व्हर डाऊन आहे, नाळे बर्री, म्हणजे उद्या या, म्हणालं तर रागावू नका, तुम्ही पण वीस वर्षं घराला तेच सांगत आलाय.

ताईची सही लागते हे पण शेवटच्या दिवशीच लक्षात येऊ दे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, तरी आपल्यात अजून "ताई काय, देईल की सही" असंच चालतं. ताई देते पण. फक्त त्याआधी एक दिवस गप्प बसते आणि तिचा नवरा चारचारदा घराचं क्षेत्रफळ विचारतो. धाकट्याला तिकडनं कुलमुखत्यारपत्र पाठवायला सांगा, ते आधी तिकडल्या नोटरीकडनं नाहीतर दूतावासाकडनं साक्षांकित झालं पाहिजे ही बारीकशी गोष्ट आहे.

रेट ठरवताना दादाला पुढं करा. त्याला कोथरूडचा दर पाठ आहे आणि बेळगाव आता स्मार्ट सिटी आहे हे पण माहीत आहे. एजंट जो आकडा सांगेल त्याच्या दीडपट सांगायचा, "आम्हाला काय गरज नाही" असं दोनदा म्हणायचं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन भावंडांनी आपापला हिस्सा मोबाईलवर मोजायचा. गिऱ्हाईक पण तिकडं त्याचं मोजत असतं, 5 टक्के स्टॅम्प ड्युटी, वर सेस-सरचार्ज, आणि ऑगस्ट 2025 च्या अखेरपासून रजिस्ट्रेशन फी 1 ची 2 टक्के झाली ती वेगळी. मग तो हळूच म्हणतो, थोडं वरचं कॅशमध्ये घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही हे तुम्हाला माहीत असतं, त्यालाही असतं, तेवढ्यापुरतं दोघंही पंख्याकडं बघायचं.

आणि हे सगळं होऊन एक पण गिऱ्हाईक टिकलं नाही तरी चिंता करायची नाही, कारण खरं गिऱ्हाईक पहिल्यापासून भिंतीला भिंत लावून बसलंय. शेजारचे काका. तुमची गाडी गल्लीत शिरली तेव्हाच त्यांनी पोरांना चॉकलेट देता देता परतीचं तिकीट कधीचं आहे ते विचारून घेतलंय. आठ दिवस ते एक शब्द बोलत नाहीत. कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या नंबरची गाडी, सगळं कट्ट्यावरून बघतात, वास्तुवाल्याला पाणी पण तेच देतात आणि देता देता सहज म्हणतात, विहीर ईशान्येला न्हाई बघा. शेवटच्या संध्याकाळी तुमच्या बॅगा सोप्यात उभ्या असताना, दादा आणि ताई एकमेकांशी बोलायचे बंद झालेले असताना, काका कुंद्याचा बॉक्स घेऊन येतात.

"मी काय परका हाय? एजंट नको, कमिशन नको, वारसा सावकाश लावा. रेट तेवढा जरा घरातला करा."

घरातला म्हणजे किती, असं दादा विचारतो. काका आकडा सांगतात. दादाच्या आकड्याच्या निम्म्याला थोडा कमी.

"तुमचं तुम्ही ठरवा," काका म्हणतात, "मला काय घाई न्हाई. खरं तुमची गाडी सकाळी सहाची न्हवं?"