दूर्वा, दुर्बीण आणि दोन हात गडगा

काल सकाळी माझ्या दुर्बिणीतून पोमॅरिन स्कुआ नावाचा एक समुद्रपक्षी दिसला. दुर्बीण माझी, रजा माझी, प्रवासात आखडलेली मान माझी. दिसला मात्र तात्यांना.

तात्या माझे कोणी नव्हेत. काल सकाळी सात वाजेपर्यंत ते जगात आहेत हेही मला ठाऊक नव्हतं, आणि माझं काही अडत नव्हतं.

सासुरवाडी राजापूर तालुक्यात, आंबोळगडाच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे. नेमकं गाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षीही गौरीजेवणाला तिथंच बसायचंय. गावाच्या पश्चिमेला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार आहे आणि सड्याचं एक टोक नाकासारखं समुद्रात घुसलंय. भाद्रपदात त्या नाकाच्या शेंड्यावर बसून समुद्राकडे बघत राहायचं, एवढीच माझी वर्षाची चैन. घरातून निघताना मी ‘दूर्वा आणतो’ असं सांगून निघतो. गेल्या अकरा वर्षांत दूर्वा फार तर तीनदा आणल्या असतील. सासूबाई आता मला सांगून झालं की शेजारच्या पोराला वेगळं पाठवतात.

तिकडे ध्रुवाजवळ, सैबेरियाबिबेरियात, उन्हाळा सरत आला की पक्षी दक्षिणेला निघतात. त्यांचा उन्हाळा संपतो तेव्हा आपले गणपती बसतात. वहाळातल्या दगडावर करडा धोबी शेपटी नाचवत हजर होतो. मखर आधी की धोबी आधी, एवढाच काय तो प्रश्न. खाली खडकांवर तुतवार आणि चिखल्या येतात. वाकड्या चोचीचा व्हिम्ब्रेल येतो आणि सहा-सात शिट्ट्या एका दमात मारतो, डबल बेल विसरून घंटीच धरून बसलेल्या कंडक्टरसारखा. त्याच सुमाराला चातकाची उलटी पाळी. पावसाबरोबर आफ्रिकेतून आलेला हा पाहुणा परत निघतो, म्हणजे त्याला अरबी समुद्र ओलांडावा लागतो. पावसाखेरीज पाण्याला चोच लावत नाही अशी ज्याची कवींनी जाहिरात केली, त्याच्या नशिबी खाली क्षितिजापर्यंत नुसतं खारं पाणी.

प्रवासावरून आठवलं. २०२२ साली एका गॉडविट पक्ष्याच्या पाठीवर यंत्र लावून सोडलं होतं. पाच महिन्यांचं पोर ते. अलास्काहून उडालं आणि ११ दिवसांनी टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर. मधे चहा नाही, पाणी नाही, पाय टेकणं नाही. मी मुंबईहून राजापूरला तेरा तासांत आलो, चार वेळा थांबून, आणि उतरलो तेव्हा मान डावीकडे वळत नव्हती. या हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. तेव्हा जन्मलेलं पोर आता दहावीच्या आसपास असेल. त्याची बारावी आधी होते की रस्ता, यावर मी पैज लावायला तयार नाही. दर वर्षी चतुर्थीच्या आधी कुणीतरी येऊन खड्ड्यांची पाहणी करून जातं. खड्डे जागेवर असल्याची खात्री करत असावेत.

असो. तर काल पावसानं उघडीप दिली होती. सड्यावर तेरडा होता, कातळावरच्या पाण्यात सीतेच्या आसवांची फुलं जांभळी झाली होती, आणि मी ओल्या जांभ्यावर पोटावर आडवा. समोर तुरेवाल्या सुरयांचा थवा पाण्यावर सुळकांड्या मारत होता. एवढ्यात माझ्या कानामागं कुणीतरी खाकरलं.

“मोजणी काय?”

वळून बघावं तर (उजवीकडून, डावीकडून वळता येत नव्हतं) एक म्हातारा. चौकड्याचा पंचा, वर बनियन, कमरेला मागं कोयती, हातात मिटलेली छत्री. नजर माझ्यावर नाही, दुर्बिणीवर.

म्हटलं, “नाही हो, मोजणी नाही.”

“मग कंपनी?”

“कुठली कंपनी?”

“ता तुमी सांगायचं. आमाला काय ठावं?”

“कंपनी नाही, काही नाही. मी सहज...”

“सहज पोटावर कोन झोपतो?”

याला उत्तर नव्हतं. तात्या (हे नाव नंतर कळलं) छत्रीवर रेलून उभे राहिले. अशी माणसं निघून जाण्यासाठी उभी राहत नाहीत.

“कातळावरची खोदचित्रं बगनारं काय तुमी? ते पन असंच झोपतात. पन ते खाली बगतात. तुमी समिंद्राकडं बगताव.”

“मी पक्षी बघतोय.”

“म्हंजे?”

“पक्षी. पाखरं.”

तात्यांनी समुद्राकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“कुटनं आलाव?”

“मुंबईहून.”

“मुंबईत कावळे नाय?”

“आहेत की.”

“मग?”

हा ‘मग’ अजून माझ्या कानात आहे. अकरा वर्षांत माझ्या छंदावर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना समजावू लागलो की हे पक्षी सैबेरियातून येतात. “कशाला?” थंडीमुळे. “आणि परत जातात?” हो. “मग येतात कशाला?” त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला असतो आणि चतुर्थीला येऊन पाचव्या दिवशी परत जातो, हे त्यांनी इथं सांगितलं. त्या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या नाहीत, मीही जोडल्या नाहीत.

“खरं सांगा,” ते जवळ सरकून म्हणाले, “जागा बगायला आलाव ना? पार्टी कोन हाय?”

आता मात्र मला राग आला. हातात दुर्बीण धरली की या देशात माणूस एकतर हेर असतो, नाहीतर एजंट. मागं एका खाडीच्या पुलावर मला पोलिसानं हटकलं होतं आणि ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं होतं. पण मी तरी माणूस, सुटलो. २०२३ च्या मे महिन्यात मुंबईत पीर पाव जेट्टीवर एक कबूतर पकडलं. पायांत कड्या, पंखांवर चिनीसारखी दिसणारी अक्षरं. हेर असणार म्हणून आठ महिने बिचारं पिंजऱ्यात. शेवटी उलगडा झाला की ते तैवानच्या शर्यतीतलं, वाट चुकलेलं कबूतर आहे. मग २०२४ च्या जानेवारीअखेर सोडलं. त्या शर्यतीत त्याचा कितवा नंबर आला असेल?

पण सड्यावर नुसतं रागावून चालत नाही. याच तालुक्यात आधी नाणारच्या रिफायनरीचा प्रकल्प आला, २०१९ ला गेला, मग २०२३ ला रिफायनरीसाठीच बारसूच्या सड्यावर माती तपासायला पोलीस बंदोबस्तात यंत्रं आली. आजवर इथं जो कोणी काचेतून बघत आला, त्याच्या मागून कागद आला. आणि नाहीतर येतात ते ‘सी-व्ह्यू’वाले. माझ्या या टोकाला जायची पायवाट यंदा एका तारेच्या कुंपणानं तोडलीय. आत काही नाही. चार दगड, एक पाटी आणि बाटल्यांचा खच. दोन वर्षांमागं तिथं टिटवी अंडी घालायची. वळसा घालून, काट्यांतून पँट फाडून मी टोकावर पोचलो, आणि संशयित कोण? मी. पाटीवाला नाही. तो मुंबईत पंख्याखाली बसलाय.

हे सगळं मी तात्यांना म्हटलं नाही. फक्त म्हटलं, “तुम्हीच बघा काय दिसतं ते,” आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. माझी चूक इथं झाली.

तात्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि समुद्राकडे पाठ केली. खाली उतारावर हापूसची कलमं आहेत आणि त्यांच्या मधून दगडांचा एक गडगा गेलाय, अलीकडे तात्या, पलीकडे त्यांचे चुलतभाऊ अण्णा. तात्या गडग्याकडे बघत राहिले. कोयतीसकट थरथरले.

“पुढं आलाय!” ते ओरडले. “मेल्यानं दोन हात पुढं घेतलाय गडगा!”

“तात्या, तसं नाही. दुर्बिणीतून सगळंच जवळ दिसतं.”

“तेच सांगतो मी! हितनं साधं बगितलं तर कळत नाय. हेच्यात बरोब्बर आलं.”

“अहो, पण त्यांचं घरसुद्धा जवळ दिसत असेल ना?”

तात्यांनी दुर्बीण जरा वर केली. “हाय की!” त्यांचा आवाज घोगरा झाला. “पडवी तर पार आमच्यात आलीय.”

मी दुर्बीण म्हणजे काय, भिंग म्हणजे काय, हे सांगायचा प्रयत्न केला. दुर्बीण काढून उघड्या डोळ्यांनी बघा म्हटलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “आता गेला मागं. माजी नजर कमजोर हाय म्हनून तर त्याचं फावलं.” मग या बांधाची कथा सुरू झाली. सामायिक सातबारा, १९७२ ची वाटणी, तोंडी; एक फणस जो वाटणीत कोणालाच आला नव्हता आणि दोघांनीही तोडला होता; मोजणीची फी भरून वाट बघणं; मोजणीवाला आला त्या दिवशी अण्णांनी त्याला कोंबडी घातली, इत्यादी. “तुमी साक्ष द्याल ना?” त्यांनी विचारलं. “मुंबईचं मानूस, यंत्रातनं बगितलंय, असं सांगायचं.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या सड्यावर रेंज एकाच कातळावर येते, आणि त्यावर उभं राहिलं की तोंड पूर्वेला करावं लागतं. मी समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. बायको होती.

“दूर्वा मिळाल्या का?”

“बघतोय.”

“भटजी आलेत.”

“बघतोय म्हटलं ना.”

“दूर्वा बघायला दुर्बीण लागते का?”

संभाषण दीड मिनिटाचं झालं असेल. परतलो तेव्हा तात्या समुद्राकडे वळले होते, दुर्बीण डोळ्याला, तोंडावर समाधान.

“हे तुमचं पाखरू बेस होतं,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“गेलं आता. काळं, मोठं, घारीएवढं. पोट पांढरं. त्या पांढऱ्या सुरयाच्या पाठी लागलं. सुरय डाव्या अंगाला पळाला, हा डाव्या अंगाला. उजव्या अंगाला पळाला, हा उजव्या. सोडीना. शेवटी त्यानं घेतलेला मासा टाकला. तर ह्यानं तो खाली पडाय दिला नाय. वरचेवर झेलला नि गेला.”

माझ्या पायांतलं बळ गेलं. “तात्या, शेपटी कशी होती?”

“शेपटीत मधेच दोन पळ्या होत्या. पंचपात्रातल्या पळीगत. वाकड्या.”

पुस्तकवाले पोमॅरिन स्कुआच्या शेपटीचं वर्णन करताना पिळलेल्या चमच्याची उपमा देतात. तात्यांची पळी जास्त बरोबर आहे. आत्ता लिहितानाही त्याचाच राग येतोय. ध्रुवाकडे टुंड्रात घरटं करणारा, उरलेलं वर्ष समुद्रावर दुसऱ्याच्या तोंडचा घास पाडून जगणारा हा पक्षी. त्याच्यासाठी अकरा भाद्रपद मी या जांभ्यावर पोट सोलून घेतलंय. आणि तो आला, दरोडा घालून गेला, तेव्हा मी दूर्वांबद्दल खोटं बोलत होतो.

“आमचा अण्णा बगा,” दुर्बीण परत देत तात्या म्हणाले, “डिट्टो तसाच.”

पुढचा दीड तास मी क्षितिजाला डोळे लावून बसलो. सुरय होते. व्हिम्ब्रेल होते. समुद्री गरुड एकदा डोक्यावरून गेला, एरवी मी नाचलो असतो. तात्या शेजारी बसून मला फणसाचा उत्तरार्ध सांगत होते.

दुपारी मुंबईच्या मित्राला फोन केला. तो पक्ष्यांच्या नोंदी तपासतो आणि तपासताना त्याचा आवाज बँकेतल्या माणसासारखा होतो. सगळं ऐकून म्हणाला, “वर्णन एकदम क्लासिक आहे रे. वाद नाही. पण तू पाहिलास का?” म्हटलं, दुर्बीण माझी होती. म्हणाला, “दुर्बिणीच्या मालकीची नोंद होत नाही. त्या गृहस्थांच्या नावावर टाकू या. त्यांचं पूर्ण नाव काय?” मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. तिथं ते करावंही लागत नाही.

दूर्वा अर्थातच नेल्या नव्हत्या. त्यावर घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं की जावईबापू, तुम्ही मोजणी खात्यात कधीपासून? गावभर झालं होतं.

संध्याकाळी आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, मी प्रसादाची खिरापत वाटत होतो. माणसं पांगल्यावर पडवीच्या कोपऱ्यात एक म्हातारा तेवढा उरला. चेहरा हुबेहूब तात्यांचा, फक्त बनियनवर सदरा. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि पंच्यातून दूर्वांची एक ओली जुडी काढून माझ्या हातात ठेवली.

“सकाळी तुमाला भेटल्या नाय म्हनं. घ्या. गडग्यालगतच्या हायत.” मग आवाज खाली आणून, “आमच्या हद्दीतल्या. तुमी उद्या सात वाजता येताव ना वर? ता यंत्र घेऊन?”